आठवण जपावी अशी

मित्रांनो, जवळचे माणूस कायमचे गेले की घर सुनेसुने होते. त्याची काठी कोपऱ्यात तशीच उभी असते. त्याचा चष्मा खिडकीत तसाच पडलेला असतो. माणूस मात्र नसतो. अशा वेळी मागे राहिलेल्यांच्या मनात एक प्रश्न येतो. जो गेला, त्याच्यासाठी आता आपण काय करू शकतो? कोणी त्याच्या नावाने पाणपोई घालतो, कोणी विहीर खणतो, कोणी गरिबांना जेवू घालतो. तुमच्या घरीही असे काही केलेले तुम्ही पाहिले असेल.

आज तुम्हांला अशा एका माणसाची ओळख करून द्यायची आहे, ज्याने या प्रश्नाचे उत्तर आपल्या वागण्याने दिले. त्याचे नाव सर मोझेस माँटिफिओरी. तो इंग्लंडमध्ये राहत होता आणि धर्माने ज्यू होता. ज्यू म्हणजे ज्यांना तुम्ही उर्दूत यहुदी म्हणता, तेच लोक. आपल्या कोकणातही बेने इस्राएल नावाचे ज्यू कित्येक पिढ्या राहत आले. त्यांची बोली मराठीच. मुंबईचे डेव्हिड ससून ग्रंथालय आणि पुण्याचे ससून रुग्णालय यांची नावे तुम्ही ऐकली असतील. तीही एका ज्यू घराण्याच्या दानशूरपणाची खूण आहे.

ज्यू लोक दानाला त्सेदाका म्हणतात. हा शब्द ऐकताच तुम्हांला सदका हा शब्द आठवला ना? आठवणारच. हिब्रू आणि अरबी या बहिणी-बहिणी भाषा आहेत आणि हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून आले आहेत. त्सेदाका या शब्दात न्याय हा अर्थ दडलेला आहे. गरिबाला दिले म्हणजे आपण त्याच्यावर उपकार केले असे ज्यू धर्म मानत नाही. त्याचा वाटा त्याला पोहोचवला, असे मानतो. सुलतान सलाहुद्दीनच्या काळात कैरो शहरात मुसा बिन मैमून नावाचे थोर ज्यू विद्वान आणि हकीम होऊन गेले. त्यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. नाखुशीने देणे ही सर्वांत खालची पायरी. गरजू माणसाला काम मिळवून देणे, कर्ज देणे, त्याला स्वतःच्या पायांवर उभे करणे, ही सर्वांत वरची.

दानाखेरीज आणखी एक गोष्ट ज्यू धर्म सांगतो. ती म्हणजे मायेची कृती. आजाऱ्याची विचारपूस करणे, वाटसरूला घरात घेणे, मृताला नीट मूठमाती देणे, ही सारी मायेची कृत्ये. दान पैशाने होते आणि ते गरिबाला देता येते. मायेची कृती पैशाने होते तशी हातापायांनीही होते. ती गरिबासाठी करता येते तशी श्रीमंतासाठीही, आणि जिवंत माणसासाठी करता येते तशी मेलेल्या माणसासाठीही. मेलेल्यासाठी केलेली कृती तर सर्वांत खरी मानतात. का बरे? कारण मेलेला माणूस तिची परतफेड करू शकत नाही. म्हणूनच दरवर्षी माणसाच्या मृत्यूच्या तिथीला ज्यू घरांत दिवसभर दिवा तेवत ठेवतात, प्रार्थना म्हणतात आणि दान देतात.

आता मोझेस यांची गोष्ट ऐका.

मोझेस यांचा जन्म २४ ऑक्टोबर १७८४ रोजी इटलीतील लिव्होर्नो या बंदरात झाला. आईवडील व्यापाराच्या कामासाठी तेथे गेले होते. पुढे ते लंडनला परतले आणि मोझेस तेथेच लहानाचे मोठे झाले. घरची फार श्रीमंती नव्हती. शाळा लवकर सुटली आणि एका चहा-किराण्याच्या व्यापाऱ्याकडे ते काम शिकू लागले. पुढे त्यांनी शेअरबाजारात दलालीचा परवाना मिळवला. त्या काळी लंडनमध्ये फक्त बारा ज्यूंना असा परवाना मिळत असे. त्यांची भरभराट होऊ लागली, तोच १८०६ साली एका माणसाने त्यांना मोठ्या रकमेला फसवले. तरुण मोझेस यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. ते खचले नाहीत. हळूहळू त्यांनी आपली पत परत मिळवली.

१८१२ साली त्यांचा ज्युडिथ कोहेन यांच्याशी विवाह झाला. ज्युडिथ यांची बहीण हॅना ही प्रसिद्ध सावकार नेथन रॉथशील्ड यांची पत्नी. त्यामुळे मोझेस आणि नेथन हे साडू झाले, आणि दोघांनी मिळून मोठमोठे व्यवहार केले. युरोपातील शहरांच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लावणारी एक कंपनी निघाली, तिच्या स्थापनेतही मोझेस यांचा हात होता.

पैसा आला, मान आला, पण घरात पाळणा हलला नाही. मोझेस आणि ज्युडिथ यांना मूल झाले नाही. दोघांनाही त्याचे दुःख होते. मात्र त्या दुःखाने त्यांची मने आंबट झाली नाहीत. चाळिशी गाठताच मोझेस यांनी धंद्यातून बरेचसे अंग काढून घेतले. यापुढे आपले दिवस आणि आपला पैसा लोकांसाठी, असे पतिपत्नींनी ठरवले.

१८२७ साली ती दोघे प्रथम जेरुसलेमला गेली. हे शहर ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान या तिघांनाही पवित्र. तुम्ही त्याला बैतुल मुकद्दस म्हणता. तेव्हा तेथे तुर्कस्तानच्या सुलतानाचे राज्य होते. त्या काळी आगबोटी नुकत्याच सुरू झाल्या होत्या. समुद्रात चाचे, वाटेत लुटारू आणि गावोगावी रोगराई. असा तो प्रवास. पण ज्युडिथ प्रत्येक प्रवासात पतीबरोबर होत्या. १८३९ साली तिकडे साथीचा रोग पसरल्याची बातमी वाटेतच कळली. तुम्ही येथेच थांबा, मी एकटा जाऊन येतो, असे मोझेस यांनी परोपरीने विनवले. ज्युडिथ यांनी ऐकले नाही. जेथे तुम्ही, तेथे मी, हाच त्यांचा हट्ट. त्या रोज टिपणे लिहीत. काय पाहिले, कोण भेटले, कोणाला काय हवे आहे, हे सारे त्यांच्या रोजनिशीत असे. ती टिपणे पुढे छापली गेली, म्हणून आज आपल्याला हे सारे कळते.

त्यांच्या दानाची रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. मूठ भरून नाणी उधळली आणि निघून गेले, असे ते करत नसत. १८३९ साली त्यांनी तेथील ज्यू कुटुंबांची नोंद करवून घेतली. घरात माणसे किती, वये काय, धंदा कोणता, विधवा किती, अनाथ किती, हे सारे कागदावर आले. पुढेही वेळोवेळी अशा नोंदी झाल्या. १८४३ साली त्यांनी जेरुसलेमला एक डॉक्टर आणि औषधे पाठवली. १८५५ साली मुलींसाठी शाळा काढली. लोकांना पीठ स्वस्त मिळावे म्हणून १८५७ साली पवनचक्की उभारली. ती पवनचक्की जेरुसलेममध्ये आजही उभी आहे. खरे सांगायचे तर पिठाच्या कामी ती फार वर्षे आली नाही. पुढे वाफेच्या गिरण्या आल्या आणि ती बंद पडली. चांगल्या हेतूने केलेले प्रत्येक काम यशस्वी होतेच असे नाही. पण म्हणून त्यांनी काम करणे सोडले नाही.

१८४० सालची गोष्ट. दमास्कस म्हणजे दमिश्क शहरात एक ख्रिस्ती धर्मगुरू आणि त्याचा नोकर अचानक नाहीसे झाले. ज्यूंनीच त्यांना मारले, अशी खोटी आवई उठली. अनेकांना पकडून त्यांचे हाल केले गेले. काहीजण त्या हालांनी मेले. दमास्कसवर तेव्हा इजिप्तच्या मुहंमद अलींचा अंमल होता. मोझेस, ज्युडिथ आणि फ्रान्समधील वकील अदोल्फ क्रेमिये हे इजिप्तला गेले. मुहंमद अलींनी कैद्यांना सोडण्याचा हुकूम दिला. पण त्या हुकुमात माफी असा शब्द होता. माफी कोणाला देतात? ज्याने गुन्हा केला त्याला. या लोकांनी तर गुन्हाच केला नव्हता! पाहुण्यांनी तो शब्द काढून टाकण्याची विनंती केली आणि मुहंमद अलींनी ती मान्य केली. तेथून मोझेस कॉन्स्टँटिनोपलला गेले. सुलतान अब्दुल मजीद यांनी ६ नोव्हेंबर १८४० रोजी फर्मान काढले. ज्यूंवरचा तो आरोप खोटा आहे, आणि त्यांच्या जिवाचे व मालमत्तेचे रक्षण झाले पाहिजे, असे त्यात जाहीर केले.

पुढच्याच वर्षी या पतिपत्नींनी आणखी एक काम केले. बेथलेहेमजवळ हजरत याकूब यांच्या पत्नी राहेल यांची कबर आहे. राहेल म्हणजे हजरत युसूफ यांची आई. ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान तिघेही तिला मानतात. ज्या स्त्रियांना मूल नाही, त्या तेथे विशेष श्रद्धेने जातात. ज्युडिथ यांच्या मनात ती जागा घर करून होती, यात नवल ते काय! कबरीची पडझड झाली होती. मोझेस यांनी घुमट दुरुस्त करवला, गिलावा केला आणि बाजूला एक नवी खोली बांधली. त्या खोलीत मुसलमानांना नमाज पढता यावी म्हणून मिहराबही ठेवली. स्वतः ज्यू असूनही त्यांनी दुसऱ्यांच्या प्रार्थनेची सोय आठवणीने केली.

असेच १८६० साली झाले. सीरिया आणि लेबनॉनमध्ये दंगली होऊन हजारो ख्रिस्ती मारले गेले, बेघर झाले. ही बातमी कळताच पंचाहत्तर वर्षांच्या मोझेस यांनी लंडनच्या टाइम्स वृत्तपत्रातून मदतीची हाक दिली आणि स्वतः २०० पौंड देऊन निधीची सुरुवात केली. वीस वर्षांपूर्वी त्याच प्रदेशात ज्यूंवर खोटा आरोप आला होता, तेव्हा तेथील अनेक ख्रिस्ती लोकांनी तो खरा मानला होता. मोझेस यांनी तो हिशेब मनात ठेवला नाही. समोर दुःखी माणूस होता, एवढेच त्यांनी पाहिले.

जून १८६२ मध्ये मोझेस आणि ज्युडिथ यांच्या लग्नाला पन्नास वर्षे पूर्ण झाली. ज्युडिथ यांची प्रकृती तेव्हा फार खालावली होती. २४ सप्टेंबर १८६२ रोजी त्यांनी डोळे मिटले. त्या संध्याकाळपासून ज्यूंचे नवे वर्ष सुरू होणार होते. घरोघर सणाची तयारी चालली होती आणि या घरातला दिवा विझला होता.

मित्रांनो, विचार करा. मोझेस तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे होते. मूलबाळ नाही. पन्नास वर्षे जी सावलीसारखी बरोबर होती, ती गेली. असा माणूस दार लावून घरात बसला असता, तर त्याला कोणी दोष दिला असता का?

समुद्रकाठच्या रॅम्सगेट गावी त्यांचे घर होते. घराजवळ त्यांनीच बांधलेले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ होते. त्याच्या शेजारी त्यांनी ज्युडिथ यांना पुरले. कबरीवर लहानसा घुमट असलेली पांढरी इमारत बांधली. ती हुबेहूब राहेलच्या कबरीसारखी होती. ज्युडिथ यांच्या मनातली जागा त्यांनी जणू त्यांच्याजवळ आणून ठेवली. ती इमारत आजही तेथे आहे.

पण दगडाची इमारत बांधून मोझेस थांबले नाहीत. पुढच्या वर्षी मोरोक्को देशातून वाईट बातमी आली. साफी नावाच्या बंदरात एक स्पॅनिश अधिकारी मरण पावला होता. संशयावरून काही ज्यूंना पकडले गेले. दोघांना मृत्युदंड झाला आणि बाकीचे तुरुंगात खितपत पडले होते. एकोणऐंशी वर्षांचे मोझेस नोव्हेंबर १८६३ मध्ये घराबाहेर पडले. या वेळी ज्युडिथ बरोबर नव्हत्या. स्पेनमार्गे ते टँजियरला पोहोचले आणि कैद्यांच्या सुटकेची खटपट त्यांनी तडीस नेली. मग समुद्रमार्गे मोगादोर बंदर आणि तेथून रुक्ष माळरानातून आठवडाभराची वाट तुडवून ते माराकेशला, सुलतान मुहंमद यांच्या दरबारात गेले.

सुलतानाने या वृद्ध पाहुण्याचे मानाने स्वागत केले. शाबान १२८० मध्ये, म्हणजे ५ फेब्रुवारी १८६४ रोजी त्याने फर्मान दिले. न्यायाच्या कामी ज्यूंना इतर प्रजेच्या बरोबरीने वागवावे, त्यांच्यावर जुलूम करू नये, असा त्याचा आशय होता. पुढे गावोगावच्या सर्व अंमलदारांनी ते पाळले असे नाही. कागदावरचा न्याय माणसांच्या मनात उतरायला वेळ लागतो. तरीही ज्यांच्यावर जुलूम होत होता, त्यांच्या हाती सुलतानाचा शब्द आला. हे थोडे नव्हते.

या प्रवासात मोझेस यांच्याबरोबर त्यांचे मित्र डॉक्टर थॉमस हॉजकिन होते. वैद्यकशास्त्रात हॉजकिनचा रोग म्हणून जो आजार ओळखला जातो, त्याचे वर्णन त्यांनी १८३२ साली केले होते. ते क्वेकर पंथाचे ख्रिस्ती होते. दोघांची मैत्री जवळजवळ चाळीस वर्षांची. १८६५ साली जेरुसलेमच्या परिसरात टोळधाड आली आणि पटकीची साथ पसरली. तेव्हा एक्याऐंशी वर्षांचे मोझेस मदत घेऊन पुन्हा निघाले. डॉक्टर हॉजकिनही बरोबर होते. पण याफा बंदरात डॉक्टर स्वतःच आजारी पडले आणि एप्रिल १८६६ मध्ये तेथेच वारले. मोझेस यांनी आपल्या ख्रिस्ती मित्राच्या कबरीवर दगडी स्तंभ उभारला. पत्नीनंतर आता जिवाभावाचा मित्रही गेला. तरी जेरुसलेमला मदत पोहोचली, तेथील लोकांची नोंद झाली. मगच ते परतले.

परतल्यावर त्यांनी रॅम्सगेटचे एक काम पूर्णत्वास नेले. १८६९ साली तेथे ज्युडिथ यांच्या नावाचे एक विद्यालय सुरू झाले. धर्मग्रंथांचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांना तेथे राहायला घर आणि खर्चाला पैसे मिळत. पोटाची चिंता न करता त्यांनी शिकावे आणि प्रार्थनेत ज्युडिथ यांची आठवण ठेवावी, अशी ही योजना होती. ती जुनी इमारत आता उरलेली नाही. पण ज्या स्त्रीने आयुष्यभर वाचले, लिहिले, मुलींना शाळा दिली, तिच्या नावाने शिक्षणाची सोय व्हावी, यापेक्षा योग्य स्मारक कोणते?

१८७२ साली, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, मोझेस रशियाच्या झारला भेटायला सेंट पीटर्सबर्गला गेले. १८७५ साली, नव्वदी उलटल्यावर, ते शेवटचे जेरुसलेमला जाऊन आले. ते एकूण सात वेळा तेथे गेले. पाच वेळा ज्युडिथ यांच्यासह आणि दोनदा त्यांच्यामागे. याच सुमारास लोकांनी त्यांच्या सन्मानार्थ निधी जमवला. त्यांनी सांगितले, की त्या पैशांतून जेरुसलेममध्ये गरिबांसाठी घरे बांधावीत. घरासाठी कर्ज द्यायचे आणि ते फेडले गेले की तोच पैसा दुसऱ्याच्या घराला लावायचा, अशा रीतीने त्या निधीतून वस्त्या उभ्या राहिल्या. मुसा बिन मैमून यांची सर्वांत वरची पायरी तुम्हांला येथे आठवेल.

ऑक्टोबर १८८४ मध्ये मोझेस शंभर वर्षांचे झाले. देशोदेशींच्या लोकांनी त्यांना शुभेच्छा पाठवल्या. २८ जुलै १८८५ रोजी रॅम्सगेट येथे त्यांचे निधन झाले. त्या लहानशा घुमटाखाली, ज्युडिथ यांच्या शेजारी, त्यांना पुरण्यात आले.

ज्युडिथ यांच्यामागे मोझेस जवळजवळ तेवीस वर्षे जगले. या तेवीस वर्षांत त्यांनी आपले दुःख विसरण्याचा प्रयत्न केला नाही. दोघांनी मिळून जे काम चालवले होते, ते त्यांनी एकट्याने चालवले. मोरोक्कोच्या तुरुंगातून सुटलेल्या कैद्याने ज्युडिथ यांना कधी पाहिले नव्हते. जेरुसलेममध्ये ज्याच्या डोक्यावर छप्पर आले, त्यानेही पाहिले नसेल. पण जिच्यामुळे मोझेस यांना परदुःखासाठी वाट तुडवण्याची सवय लागली, तिचा वाटा त्या प्रत्येकाच्या सुखात होता.

मित्रांनो, तुमच्या आमच्याजवळ माँटिफिओरींएवढा पैसा नाही. त्यांच्याइतका दूरचा प्रवासही आपल्याला करायचा नाही. पण तुमच्या घरातले जे माणूस आज नाही, त्याची एखादी चांगली सवय तुम्हांला नक्की आठवत असेल. आजी शेजारच्या आजाऱ्याला पेज नेऊन देत असेल. आजोबा रोज संध्याकाळी गल्लीतल्या मुलांचा अभ्यास घेत असतील. ते काम आता थांबले आहे का? थांबले असेल, तर ते तुम्ही उचला. पेजेचे भांडे हातात घ्या, धाकट्या मुलाला पाढे शिकवा. गेलेल्या माणसाला त्याची परतफेड करता येणार नाही. म्हणूनच ती माया खरी.